उशाशी वीज: मोटरहोमच्या शयनकक्षातील दिवे आणि चार्जिंगचे पॉइंट सोयीचे करताना

आमची मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, ३१ फूट लांबीची, अमेरिकेत जिला क्लास सी म्हणतात त्या प्रकारची, जुनी विकत घेतलेली आहे आणि तिचा मुख्य शयनकक्ष अगदी मागच्या टोकाला आहे. सांगलीहून आलेल्या आईला पहिल्या मुक्कामी त्या खोलीत झोपवले आणि खोलीच्या विजेची रचना किती गैरसोयीची आहे ते एका रात्रीत कळले. छताच्या दिव्याचे बटण दाराशी होते आणि उशी तिथून सहा फुटांवर. वाचनाच्या दिव्याचे बटण दिव्याच्याच बुडाशी होते, पण दिवा तासभर लावलेला असला की त्याला बोट लाववत नसे. मोबाइल चार्ज करण्यासाठी एकच पॉइंट होता, तोही ड्रेसिंग टेबलाच्या मागे, आणि त्या कॅम्पग्राउंडवर वीजजोडणीच नसल्यामुळे तो त्या रात्री बंद होता. आईने रात्रभर टॉर्च उशाखाली ठेवली.

पलंगाजवळ पॉइंट नसणे ही बहुतेक वेळा बनवणाऱ्याची चूक नसते. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधील ५५१ क्रमांकाचे प्रकरण अशा वाहनांसाठी आहे. त्यानुसार २ फूट किंवा त्याहून रुंद भिंतीलगत जमिनीवरचा कोणताही बिंदू पॉइंटपासून ६ फुटांपेक्षा दूर असू नये. मात्र बसवलेले फर्निचर आणि कपाटे यांनी व्यापलेली भिंत या नियमातून वगळलेली आहे. मोटरहोमच्या शयनकक्षात पलंग, त्याच्या दोन्ही बाजूंची कपाटे आणि डोक्यावरचे फडताळ हे सगळेच बसवलेले फर्निचर असते, त्यामुळे नियम पाळूनही उशाशी एकही पॉइंट नसलेली खोली तयार होऊ शकते.

पुढे जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच की शयनकक्षात १२० व्होल्टचे पॉइंट वाढवण्याच्या मागे आधी लागू नये; हाताच्या अंतरावर १२ व्होल्टची सोय आधी करावी. मोटरहोममध्ये दोन स्वतंत्र वायरिंग असतात. १२० व्होल्टची वीज कॅम्पग्राउंडच्या खांबावरून किंवा जनरेटरवरून येते आणि ती आली तरच भिंतीतले पॉइंट चालतात, कारण पुष्कळ गाड्यांमध्ये इन्व्हर्टर नसतो आणि असला तरी तो सगळ्या पॉइंटना जोडलेला नसतो. १२ व्होल्टची वीज घरबॅटरीतून, म्हणजे गाडीच्या राहत्या भागाला वीज देणाऱ्या बॅटरीतून, येते आणि ती जंगलात, महामार्गाच्या विश्रांतीस्थळी किंवा नातेवाइकांच्या दारात, कुठेही उपलब्ध असते. रात्री माणसाला लागणाऱ्या वस्तू पाहिल्या तर दिवा, मोबाइल, घड्याळ, लहान पंखा आणि काहींना झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारे सीपॅप यंत्र एवढ्याच असतात, आणि त्या बहुतेक साऱ्या १२ व्होल्टवर चालू शकतात.

आधी पाहणी

कोणतेही हत्यार हातात घेण्यापूर्वी एक रात्र त्या खोलीत झोपून पाहावे. आडवे झाल्यावर हात सहज कुठे पोहोचतो, पुस्तक धरल्यावर प्रकाश कोणत्या बाजूने हवा, उठून संडासकडे जाताना पाय कुठे अडखळतो, या गोष्टी उभे राहून ठरवता येत नाहीत. हात पोहोचतो त्या जागी रंगकामाच्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा. आमच्या अंदाजातील जागा आणि झोपून ठरवलेली जागा यांत चांगला हातभर फरक पडला.

त्यानंतर दिवसा प्रत्येक दिवा आणि पॉइंट कोणत्या फ्यूजवर किंवा ब्रेकरवर आहे ते एकेक बंद करून तपासावे आणि कागदावर मांडावे. वाचनाचे दिवे दाराशी असलेल्या बटणातून येतात की थेट फ्यूजपेटीतून, हे मुद्दाम पाहावे, कारण पुढचे काम त्यावर अवलंबून आहे. दिव्याच्या तारांना मल्टिमीटर लावून खोलीतील सगळी बटणे एकदा चालू आणि एकदा बंद करावीत. सर्व बटणे बंद असतानाही मीटरवर १२ च्या आसपास आकडा दिसला, तर तो दिवा थेट जोडलेला आहे असे समजावे. शयनकक्षातला १२० व्होल्टचा पॉइंट मेलेला आढळला तर आधी बाथरूममधल्या जीएफसीआय पॉइंटचे, म्हणजे वीजगळती होताच वीज तोडणाऱ्या पॉइंटचे, रीसेट बटण दाबावे. पुष्कळ गाड्यांत शयनकक्षाचे पॉइंट त्याच्याच पुढे जोडलेले असतात.

भिंती कशाच्या आहेत हेही आताच ठोकून पाहावे. आधुनिक मोटरहोमच्या बाहेरच्या भिंती अनेकदा फोम, ॲल्युमिनियमची चौकट आणि पातळ प्लायवूड एकत्र चिकटवून बनवलेल्या असतात. त्यांच्या आतून नवी तार ओवता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. तारेचा मार्ग डोक्यावरच्या फडताळातून, पलंगाच्या खोक्यातून किंवा आतल्या पोकळ पार्टिशनमधून काढावा, आणि जिथे काहीच जमत नाही तिथे घरी वापरतो तशी केसिंग-पट्टी बसवावी. पलंग किंवा कपाट स्लाइडआउटमध्ये, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकवता येणाऱ्या भागात, असेल, तर सरकणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात आपली तार कोंबू नये. आतबाहेर होताना ती ताणली जाते किंवा चिमटते.

वीज खरोखर बंद करणे

खांबाची केबल काढावी, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करावेत, छतावर सौर पॅनेल असल्यास त्याचे कनेक्शन तोडावे आणि शेवटी घरबॅटरीची ऋण केबल सोडवून बाजूला बांधून ठेवावी. दाराजवळच्या बॅटरी डिस्कनेक्ट बटणावर विसंबू नये. ते बटण काही उपकरणे जिवंतच ठेवते आणि सौर चार्जरचा मार्ग बहुधा त्यातून जात नाही. त्यानंतर मल्टिमीटरने खात्री करावी. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक इथे हलगर्जीपणा करतात, पण पाना घसरून बॅटरीच्या दोन टोकांवर पडला तर तो लाल होईपर्यंत तापू शकतो.

तारांच्या रंगांबाबत आपल्याकडून आलेल्या माणसाने विशेष सावध राहावे. भारतातील जुन्या घरगुती वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची असते. अमेरिकेत १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंगची असते. मोटारींच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी तार सहसा ऋण असते, पण मोटरहोमच्या घरभागात पुष्कळदा पांढरी तार ऋण आणि काळी धन असते. मी पहिले यूएसबी सॉकेट मोटारीच्या सवयीने काळी तार ऋण समजून जोडले. बॅटरी जोडताच टच असा आवाज झाला, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि सॉकेट गेले. तेव्हापासून रंगाकडे न पाहता मीटरची लाल पिन धन समजलेल्या टोकाला लावून, आकडा उणे येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय मी काहीही जोडत नाही.

दिवे आधी का

जुन्या गाडीत बहुधा १२ व्होल्टचे तारेचे बल्ब असतात. आमच्या वाचनाच्या दिव्याचे आवरण काढले तेव्हा आत ११४१ क्रमांकाचा बल्ब होता. त्याची काच काळवंडलेली होती आणि वरचे पांढरे प्लॅस्टिक बल्बच्या बरोबर समोर रुपयाएवढे तपकिरी झाले होते. असा एक बल्ब सुमारे १८ वॅट, म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर खातो. शयनकक्षात असे सहा बल्ब असतील तर ९ अँपिअर नुसत्या उजेडाला जातात, आणि त्या सर्किटवरील फ्यूज सहसा १५ अँपिअरचा असतो. त्याच होल्डरमध्ये बसणारे ३ वॅटचे एलईडी बल्ब घातले की सहा दिव्यांचा भार दीड अँपिअरवर येतो. उरलेल्या साडेसात अँपिअरमधूनच पुढे चार्जिंगची सोय करायची आहे, म्हणून दिवे आधी.

बल्ब घेताना तो १० ते ३० व्होल्टवर चालणारा असावा. बॅटरी चार्ज होत असताना या वायरिंगवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब येतो आणि नेमके १२ व्होल्टसाठी बनवलेले स्वस्त एलईडी त्यात लवकर जातात. रंग २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्यावा. पांढरा फटक प्रकाश या एवढ्याशा खोलीत दवाखान्यासारखा वाटतो. बल्ब लावून पेटला नाही तर होल्डरच्या तारांची धन-ऋण बाजू तपासावी, कारण काही एलईडी बल्बांना धन-ऋण कळते.

दिवाच बदलायचा असेल तर मान वळणारा, स्वतःचे बटण असलेला आणि शक्यतो मंद करता येणारा घ्यावा. उशीच्या मधोमध डोक्यावर न लावता तो बाहेरच्या खांद्याच्या रेषेत लावावा, म्हणजे शेजारी झोपलेल्याच्या डोळ्यांवर प्रकाश जात नाही. रात्री उठणाऱ्यासाठी पलंगाच्या खोक्याच्या पायथ्याशी, जमिनीपासून चार बोटे वर, पिवळ्या एलईडीची वीतभर पट्टी आणि हालचाल ओळखणारे सेन्सर-बटण लावावे. सेन्सरचे तोंड जमिनीकडे असू द्यावे; आम्ही ते आधी वरच्या बाजूला लावले होते आणि कुणी कूस बदलली तरी खोली उजळत होती.

दाराशी आणि उशाशी, दोन्हीकडे बटण

छताचा दिवा दाराशी लावावा आणि झोपून बंद करावा, ही सोय म्हणजे आपल्याकडची जिन्यातल्या दिव्याची जोडणी. आपण ज्याला टू-वे स्विच म्हणतो त्याला अमेरिकेतील दुकानात थ्री-वे म्हणतात, त्यामुळे टू-वे मागितल्यास दुकानदार गोंधळतो. १२ व्होल्टसाठी तीन टोकांचे, ऑन-ऑन प्रकारचे, डीसी अँपिअरचा आकडा छापलेले रॉकर स्विच घ्यावेत. मध्ये बंद अवस्था असलेले ऑन-ऑफ-ऑन स्विच या कामाचे नाहीत.

दाराशी असलेले जुने बटण काढले की त्यामागे दोन तारा दिसतात: एक फ्यूजकडून येणारी धन तार आणि एक दिव्याकडे जाणारी. फ्यूजकडची तार दाराच्या नव्या स्विचच्या मधल्या टोकाला जोडावी. दाराच्या स्विचची दोन कडेची टोके आणि उशाच्या स्विचची दोन कडेची टोके यांना जोडणाऱ्या दोन तारा फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून न्याव्यात. उशाच्या स्विचच्या मधल्या टोकापासून तिसरी तार परत दाराशी आणून ती दिव्याकडे जाणाऱ्या जुन्या तारेला जोडावी. एकूण तीन तारा, आणि दिव्याच्या ऋण तारेला हातही लागत नाही. आम्ही १४ गेजच्या तीन रंगांच्या तारा वापरल्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावली.

चार्जिंगचे पॉइंट

वाचनाचा प्रत्येक दिवा म्हणजे उशीपासून दोन फुटांवर आधीच आलेली १२ व्होल्टची जोडणी आहे. मोबाइल आणि मनगटी घड्याळ एवढेच चार्ज करायचे असेल तर तिथूनच फाटा घ्यावा, मात्र तो दिवा थेट जोडलेला असावा. दाराच्या बटणावर असेल तर दिवा मालवताच चार्जिंगही बंद पडेल. फाटा घेतलेल्या ठिकाणीच, सॉकेटजवळ नव्हे, तारेत छोटा फ्यूज बसवावा. फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी नसून तार पेटू नये म्हणून असतो, हे लक्षात ठेवले की त्याचा आकार आपोआप ठरतो: १८ गेजच्या तारेला ६ अँपिअर, १६ ला ८, १४ ला १५ आणि १२ ला २० यापेक्षा मोठा फ्यूज लावू नये. भारतातील वाचकांसाठी सांगायचे तर गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. १४ गेज म्हणजे सुमारे २.१ चौरस मिलिमीटर आणि १२ गेज म्हणजे सुमारे ३.३.

लॅपटॉप किंवा सीपॅपसाठी दिव्याचा फाटा पुरत नाही. समजा फ्यूजपेटी पलंगापासून २० फुटांवर आहे. वीज जाऊन परत येते, म्हणून तारेची लांबी ४० फूट धरावी. १४ गेजच्या ४० फुटांचा रोध साधारण ०.१ ओहम भरतो. दिवे आणि मोबाइल मिळून साडेतीन अँपिअर असतील तर तारेत ०.३५ व्होल्ट हरवतात, ते चालते. त्यातच ६५ वॅटचे यूएसबी-सी सॉकेट आले की एकूण प्रवाह साडेनऊ अँपिअरच्या घरात जातो आणि जवळजवळ एक व्होल्ट तारेतच संपतो. अर्धी उतरलेली शिसे-आम्ल बॅटरी मुळात १२.२ व्होल्टवर असते, म्हणजे उशाशी ११.२ उरतात आणि सीपॅप पहाटे तीनला कुरकुरू लागते. म्हणून अशा वस्तूंसाठी फ्यूजपेटीतील रिकाम्या जागेतून १२ गेजची वेगळी लाइन न्यावी. ८ अँपिअरला तिच्यात अर्धा व्होल्टच जातो. रिकामी जागा नसेल तर धूर किंवा गॅस ओळखणाऱ्या यंत्राच्या फ्यूजवर भार टाकू नये. काही सीपॅप यंत्रे २४ व्होल्टवर चालतात, त्यांना १२ चे २४ करणारा त्यांच्याच कंपनीचा कन्व्हर्टर घ्यावा, आणि बॅटरीवर असताना पाणी गरम करणारा भाग बंद ठेवावा, कारण खरी वीज तोच खातो.

सॉकेट बसवण्यासाठी उशाशेजारच्या कपाटाची बाजू सर्वांत चांगली, कारण तिथे मागून हात घालता येतो. भोक पाडण्यापूर्वी कपाटाच्या आत, आणि तळाशी भोक पडणार असेल तर गाडीखाली वाकून, पाण्याची किंवा प्रोपेनची नळी नाही याची खात्री करावी. होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) उलट फिरवून आधी कड कोरून घेतली तर प्लायवूडचा वरचा छापील थर फाटत नाही. सॉकेटवर निळा दिवा किंवा व्होल्टमीटर असेल तर त्याला स्वतःचे बंद बटण आहे ना ते पाहून घ्यावे. दिवसा दुकानात शोभून दिसणारा तो निळा ठिपका रात्री अख्खी खोली निळी करतो.

जोड मात्र घरासारखे देऊ नयेत. ही गाडी तासन्तास हादरत असते. नुसत्या पिळलेल्या आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारा काही महिन्यांत सैल होतात. बहुतारी तांब्याची तार, योग्य मापाचे क्रिम्प (तारेवर दाबून बसवायचे धातूचे जोड) आणि वर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) वापरावी. क्रिम्प केल्यावर तार जोरात ओढून पाहावी आणि निघाली तर बरेच झाले असे समजून पुन्हा करावी. भोकातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि दर फुटाला एक क्लिप.

१२० व्होल्टचे पॉइंट

इथे माझा सल्ला भित्रा वाटेल, पण तो तसाच आहे. शयनकक्षात १२० व्होल्टचा आणखी पॉइंट हवाच असेल तर फर्निचरमध्ये बसवण्यासाठी बनवलेला, यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला, वायर आणि प्लगसह येणारा पॉइंट घ्यावा. त्याचे तोंड उशाशेजारच्या कपाटात पक्के बसते आणि त्याचा प्लग जुन्या पॉइंटमध्ये जातो. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लागत नाही. ती वायर कपाटांच्या आतून, उघड्यावर आणि पाहता येईल अशी न्यावी. भिंतीच्या आतून किंवा गालिच्याखालून कधीही नेऊ नये.

मूळ सर्किटच वाढवायचे असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन किंवा अशा गाड्यांची कामे करणारा आरव्ही तंत्रज्ञ बोलवावा. पुष्कळ मोटरहोममध्ये पॉइंटमागे डबी नसते. तार पॉइंटच्या पाठीतच दाबून बसवलेली असते आणि आतील पाती तिचे आवरण छेदून पकड घेतात. घरचे वायरिंग येणाऱ्या माणसालाही हा प्रकार परका असतो. शिवाय मोटरहोमच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडायचे नसतात. ती जोडणी गाडीबाहेर, वीज जिथून येते तिथे असते. घरच्या पॅनेलच्या सवयीने कुणी ती आत केली तर बाहेरची न्यूट्रल सैल झाल्यावर गाडीचे धातूचे अंग जिवंत होऊ शकते आणि ओल्या गवतावर उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला झटका बसतो.

नव्या पॉइंटवर हीटर लावण्याचा मोह आधीच आवरावा. १५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो आणि दाबून बसवलेल्या जोडांतून रात्रभर एवढा प्रवाह गेला की प्लॅस्टिक वितळलेले पॉइंट पाहायला मिळतात. खांबावरून ३० अँपिअर येत असतील तर साऱ्या गाडीला मिळून ३६०० वॅटच मिळतात, हेही विसरू नये.

तपासणी

बॅटरी जोडण्यापूर्वी नव्या लाइनचे फ्यूज काढून ठेवावेत. मग मल्टिमीटरने फ्यूजच्या पुढची धन तार आणि ऋण तार यांच्यात शॉर्ट नाही हे पाहावे आणि एकेक फ्यूज घालत जावे. सर्व दिवे लावून, दोन्ही मोबाइल आणि लॅपटॉप जोडून अर्धा तास तसेच ठेवावे. नंतर सॉकेटच्या मागे आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहावे. कोमट चालेल, पण बोट काढून घ्यावेसे वाटले तर तो जोड कापून नव्याने करावा. त्याच वेळी सॉकेटवर व्होल्ट मोजावेत आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत. १२० व्होल्टच्या पॉइंटला तीन दिव्यांचा टेस्टर लावून फेज आणि न्यूट्रल उलट नाहीत, अर्थिंग तुटलेले नाही याची खात्री करावी आणि जीएफसीआयचे टेस्ट बटण दाबून नवा पॉइंटही मरतो का ते पाहावे.

पहिल्या २०० मैलांच्या प्रवासानंतर कपाटे उघडून सगळे जोड पुन्हा एकदा ओढून पाहावेत. आमच्याकडे उशाच्या स्विचमागची एक तार अशीच निसटलेली सापडली, आणि ती शोधायला दहा मिनिटे लागली ती केवळ मी काढलेला आराखडा घरी विसरल्यामुळे. आता तो शयनकक्षाच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, खाली ६, ८ आणि १५ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज एका पिशवीत लटकवून.